पॅरिसमध्ये ‘लायोल’ चाकू घेताय? पात्यावरच्या नावावर जाऊ नका

चाकूच्या पात्यावर ‘लायोल’ असं, म्हणजे फ्रान्सच्या प्रसिद्ध घडीच्या चाकूचं नाव कोरलेलं असेल, खाली बारीक अक्षरांत ‘फ्रान्स’ असेल, मुठीवर मधमाशी असेल, तरी तो चाकू फ्रान्समध्ये बनलाय असं त्यातून अजिबात ठरत नाही. पॅरिसला फिरायला येणाऱ्या आपल्या मंडळींना हे माहीत नसतं. त्यांना माहीत नसतं, हे तिथल्या दुकानदारांना मात्र पक्कं माहीत असतं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या काकांच्या गळ्यात असाच एक चाकू ८५ युरोंना मारला गेला. मी सोबत होते. मी फ्रान्समध्ये राहते, फ्रेंच बोलते. त्याचा काही म्हणता काही उपयोग झाला नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

काका तासगावचे, द्राक्षबागायतदार. खिशात घडीचा चाकू नाही असे काका मी लहानपणापासून पाहिलेले नाहीत. कलमाचा चाकू वेगळा, तो बागेतच राहतो. हा खिशातला सुतळी कापायला, पेरू चिरायला, खताच्या पोत्याची शिवण उसवायला. त्यांच्या जुन्या चाकूचं पातं परजून परजून निम्मं झालं होतं. इकडे येण्याआधीच फोनवर म्हणाले होते, “अगं, आयफेल टॉवर तर बघूच, पण मला एक चांगला खिशातला चाकू बघून ठेव.” मागणी अगदी रास्त होती. या देशात जवळजवळ प्रत्येक मुलखाचा आपापला घडीचा चाकू आहे, आणि गावाकडची म्हातारी माणसं जेवायला बसताना अजूनही स्वतःचा चाकू खिशातून काढतात.

दुकान पॅरिसमधल्या पर्यटकांच्या गर्दीच्या रस्त्यावर होतं. काचेत चाकूंच्या रांगा, दारात छान इंग्रजी बोलणारा माणूस. हा गृहस्थ खोटं फार कमी बोलला, हे मुद्दाम सांगते. लायोल हे दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राक पठारावरचं गाव, हे खरं. तिथे १८२९ च्या सुमाराला प्येर-जाँ काल्मेल्स नावाच्या लोहाराने या चाकूला आकार दिला असं मानतात, तेही खरं. पुढे १८४० च्या आसपास त्याला आरी जोडली गेली, आणि १८८० च्या सुमाराला बाटलीचं बूच काढायची फिरकी, कारण ओब्राककडची माणसं पॅरिसला येऊन कॅफेंमध्ये काम करू लागली होती. मुठीवर बारीक खिळ्यांचा क्रूस असतो. रानात देऊळ नाही, तेव्हा मेंढपाळ चाकू पावात रोवून त्या क्रुसापुढे प्रार्थना करायचा, असं सांगतात.

काका विरघळले ते आरीपाशी. ओला चारा जास्त खाऊन गाईचं पोट फुगलं की धनगर-गवळी या आरीने पोटाला भोक पाडून वायू काढून द्यायचे, असं त्याने सांगितलं. काकांनी लहानपणी आपल्याकडे पशुवैद्याला हेच करताना पाहिलेलं. “बघ की, हा माणूस गुरांचं बोलतोय,” मला म्हणाले. विश्वास बसला तो तिथे.

मग शेवटी त्याने नेपोलियन काढला. ओब्राकच्या सैनिकांच्या शौर्यावर खूश होऊन सम्राटाने या चाकवावर मधमाशी लावायची परवानगी दिली म्हणे. नेपोलियन वारला १८२१ मध्ये. चाकूच त्यानंतरचा. मधमाशी तर विसाव्या शतकात रुळली. ही दंतकथा फ्रान्सभर सांगतात, त्यामुळे ती सांगणारा प्रत्येक जण ठग असतो असं नाही. पण ज्या दुकानात चाकू कोणी बनवला हे सांगायच्या जागी नेपोलियन सांगतात, तिथून निघावं.

१२० चे ८५ केले. लाकडी पेटी दिली, कातडी म्यान दिलं, वर सोनेरी कडेचं ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’. त्यावर क्रमांक होता, शिक्का होता, कारखान्याचं नाव नव्हतं. काकांच्या भारतीय कार्डावर पैसे घेताना यंत्राने युरो की रुपये असं विचारलं, आणि आम्हाला काही कळायच्या आत त्याने रुपये दाबले. तो दर बहुतेक वेळा महाग पडतो. परदेशात कार्ड वापरताना यंत्र आपल्या हातात घ्या आणि तिथलंच चलन निवडा. हे चाकूपुरतं नाही, सगळीकडेच.

घरी क्लेर्माँ-फेराँला आलो. काकांनी नाशपाती चिरल्या, पाव कापला, चीज कापलं आणि पात्याकडे बघत बसले. धार उतरली होती. कपाच्या बुडाची खरखरीत कड असते ना, त्यावर त्यांनी पातं परजलं. धार आली आणि पुन्हा पावातच गेली. “पोलादाला पाणीच नाही दिलेलं,” काका म्हणाले. मग एकेक गोष्ट बाहेर यायला लागली. पातं उघडं असताना डावीकडे-उजवीकडे डुलत होतं. मिटलं की मधोमध न बसता एका बाजूच्या पत्र्याला घासत होतं. धारेच्या मध्यावर खाच पडली होती, कारण फटकन मिटताना धार मुठीच्या पाठीतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, आपटत होती. दुकानदाराने तर हा चाकू आमच्यासमोर खटाखट उघडून मिटून दाखवला होता, जणू तोच त्याच्या मजबुतीचा पुरावा. ओब्राककडचे लोक हा चाकू हाताने अलगद मिटवतात, आवाज न करता.

‘शिंगाची’ म्हणून घेतलेल्या मुठीला काकांनी आतल्या बाजूने तापलेली सुई टेकवली. शिंग असतं तर केस जळल्यासारखा वास आला असता. वास आला तो प्लॅस्टिकचा.

क्लेर्माँहून तिएर मोटारीने पाऊण तासाच्या आत येतं. चाकूंचं गाव म्हणतात ते हेच. द्युरोल नदीच्या पाण्यावर इथे शतकानुशतकं धार लावायची चक्रं फिरली. कारागीर चक्रावर टाकलेल्या फळीवर पालथे पडून दिवसभर पाती घासायचे, आणि थंडीत ऊब म्हणून पायांवर कुत्रा बसवायचे. गावात चाकूंचं संग्रहालय आहे, तिथे हे सगळं पाहायला मिळतं. काका तिथून हलायला तयार नव्हते. फ्रान्समधले बहुतेक चाकू आजही याच खोऱ्यात बनतात. अस्सल लायोलही मुख्यतः इथेच. खुद्द लायोल गावातला धंदा पहिल्या महायुद्धानंतर जवळजवळ बंद पडला होता, तो १९८० च्या दशकात पुन्हा उभा राहिला. तेव्हा ‘तिएरला बनलेला म्हणजे नकली’ असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका.

तिथल्या एका छोट्या कारखान्यात चाकू दाखवला. कारागीर बाईंनी तो उघडला, पात्याचं मूळ उजेडात धरलं आणि एवढंच विचारलं, “हा कोणाचा?” म्हणजे घडवणारा कोण. पात्यावर ‘लायोल’ होतं, मधमाशी होती, ‘फ्रान्स’ होतं, पण बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी चाकू परत दिला. आणखी काही बघायची त्यांना गरजच वाटली नाही.

याचं कारण त्या नावाच्या इतिहासात आहे. लायोल हे एका चाकूच्या घडणीचं नाव, कंपनीचं नव्हे, आणि ते वेळेवर कुणी राखून ठेवलं नाही. १९९३ मध्ये पॅरिसजवळच्या एका उद्योजकाने ‘लायोल’ हे नाव कितीतरी प्रकारच्या मालासाठी स्वतःकडे नोंदवून घेतलं आणि ते वापरायचे परवाने विकायला सुरुवात केली. परदेशातून आलेला माल त्या नावाने खपू लागला. गाव कोर्टात गेलं, २०१२ मध्ये हरलं, आणि निषेध म्हणून गावकऱ्यांनी वेशीवरची आपल्याच गावाच्या नावाची पाटी उतरवली. अखेर २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पण तोवर बाजार भरून गेला होता. यंत्रमागावरची साडी ‘पैठणी’ म्हणून विकतात, त्यातलीच गत.

तर दुकानात काय बघायचं? सगळ्यात आधी आणि सगळ्यात शेवटी, बनवणाऱ्याचं नाव. अस्सल चाकवाच्या पात्याच्या मुळाशी लायोल या शब्दाबरोबर कारखान्याचं किंवा कारागिराचं नाव किंवा खूण असते, आणि तो कुठे आहे हे फोनवर तिथल्या तिथे शोधता येतं. ‘फ्रान्समध्ये बनवलेलं’ आणि ‘फ्रान्समध्ये रेखाटलेलं’ यांत फरक आहे. दुसरं लिहिलं असेल तर चाकू कुठूनही आलेला असू शकतो. नुसतं ‘फ्रान्स’ म्हणजे काहीच नाही. पोलाद कोणतं हे विचारा. चांगला विक्रेता ‘१२सी२७’सारखं नाव पटकन सांगतो, आमच्या दुकानदाराने ‘उत्तम स्टेनलेस’ सांगितलं होतं.

मधमाशीवर मात्र फार भरवसा ठेवू नका. जिथे-तिथे सल्ला वाचायला मिळतो की कमान आणि मधमाशी एकाच तुकड्यातून घडवलेली असली तर अस्सल, झाळून चिकटवलेली असली तर नकली. उंची चाकवांत ती एकसंध असते हे बरोबर, पण तिएरचे प्रामाणिक कारखाने स्वस्त चाकवांवर झाळलेली मधमाशी लावतात, आणि तसं सांगून विकतात. त्यापेक्षा कमानीच्या पाठीवरची नक्षी बघा. हातकानशीने केलेली नक्षी दोन चाकवांवर तंतोतंत सारखी कधीच येत नाही. त्या दुकानात सगळ्या रांगेची नक्षी एका साच्यातली होती. हे मला नंतर फोटो मोठे करून पाहताना दिसलं.

आणि पैसे देण्याआधी सांगा की पावतीवर बनवणाऱ्याचं नाव आणि ‘फ्रान्समध्ये बनवलेला’ हे शब्द लिहून द्या. प्रामाणिक माणूस लिहून देतो. आमच्या पावतीवर फक्त ‘सुव्हेनिर’ असं होतं, हे परत करायला गेलो तेव्हा लक्षात आलं.

कारण परत करायला आम्ही गेलोच. तो दारातला माणूस नव्हता, काउंटरवर दुसरा होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: आम्ही लायोल विकला, पात्यावर लायोल लिहिलंय, तक्रार कसली? मी चौदा दिवसांत परत करण्याच्या हक्काचं बोलले, तर तो हसला, आणि कायद्याने तो बरोबर होता. फ्रान्समध्ये तो हक्क ऑनलाइन किंवा फोनवरून केलेल्या खरेदीला आहे. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला नाही. दिशाभूल करून विकल्याची तक्रार मात्र करता येते. ग्राहकविभागाचं ‘सिग्नलकोंसो’ नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, तिथे पावती, प्रमाणपत्र, पात्याचे फोटो असं सगळं जोडून मी तक्रार टाकली. दुकानाकडून अजून ओळही आलेली नाही. पैसे मिळतील असं मला वाटत नाही, पण अशा तक्रारी साठल्या की तपासणी होते म्हणतात, म्हणून तुम्हीही टाका. भाषेचा प्रश्न असेल तर इथल्या कुणाला तरी बरोबर घ्या.

आता ज्यांना शोभेचा नव्हे, रोज खिशात ठेवायचा चाकू हवाय त्यांच्यासाठी. काकांनी शेवटी घेतला ओपिनेल, आठ नंबरचा, त्या नकलीच्या किमतीच्या पाव भागातही येतो. बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, आणि पातं उघडं असताना अडकवून ठेवणारी फिरती कडी, जी १९५५ पासून आहे. लायोलला असा अडसर नसतो, नुसती कमान असते. जोर देऊन टोचायचं काम असेल तर हा फरक बोटांना कळतो. पात्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण बघून घ्या, कारण नकला याच्याही निघतात. काकांनी हट्टाने कार्बन पोलादाचा घेतला. त्याला धार सुरेख लागते, पण आंबा-लिंबू कापलं की पातं काळं पडतं आणि ओलं ठेवलं की गंजतं. पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. कोकणातल्यांनी किंवा ज्यांना एवढी निगा जमणार नाही त्यांनी स्टेनलेसचा घ्यावा. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं मुठीत अडकतं, त्यावर साव्होआच्या, म्हणजे ओपिनेलच्या मूळ मुलखातल्या, लोकांची युक्ती म्हणजे मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं वर येतं.

फ्रेंच परंपरेचाच, पण नावाची खात्री असलेला चाकू हवा असेल तर ‘ल तिएर’ बघा. १९९० च्या दशकात तिथल्या चाकूवाल्यांनी मिळून हा आकार ठरवला आणि नावही राखून ठेवलं. तिएरच्या खोऱ्यात, त्यांच्या नियमांनुसार बनवल्याशिवाय ते नाव लावता येत नाही. लायोलचा अनुभव डोळ्यांसमोर असल्याचा परिणाम.

चाकू विमानात चेक-इन सामानातच टाका, हातातल्या बॅगेत राहिला तर तो विमानतळावरच सोडून द्यावा लागतो. फ्रान्समध्येही रस्त्यात चाकू बाळगायला योग्य कारण लागतं; ‘सहलीत फळं कापायला’ चालतं, ‘असाच’ चालत नाही. भारतात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात, घरगुती आणि शेतीकामाची वगळून. खिशातला चाकू त्याच्या पुष्कळ अलीकडे राहतो. पण बटन दाबून उघडणाऱ्या खटक्याच्या चाकूच्या नादी लागू नका, आणि सणासुदीला किंवा निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा छोटा चाकूसुद्धा घरी ठेवलेला बरा. काका म्हणाले, बाजार समितीत जाताना तो ट्रॅक्टरच्या पेटीत टाकतात.