पीएचपीत हव्या तेवढ्याच कीज: काही महिने वापरल्यावर

चप्पल लाईनमधल्या एका दुकानाचा ऑर्डर फॉर्म आमच्याकडं आहे. नाव, फोन, पत्ता, माप, नग, बास. पण पोस्टमधून, म्हणजे फॉर्म पाठवल्यावर सर्व्हरकडं, काय यावं हे ब्राउझरसमोर बसलेला ठरवतो. कुणी 'सवलत' नावाचं फील्ड घुसडलं आणि अख्खा अ‍ॅरे (फील्डचं नाव ही की, भरलेलं उत्तर ही व्हॅल्यू, अशा जोड्यांचा संच) तसाच डेटाबेसात गेला, तर कापशी चपलेचा जोड फुकटात गेलाच म्हणून समजा. २०१२ मध्ये गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर असंच जादा फील्ड पाठवून एकानं थेट रेल्स या वेब फ्रेमवर्कच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) लिहायचा हक्क मिळवला होता. त्यामुळं नको ते शोधून 'अनसेट' करत (काढून टाकत) बसायचं नाही, हवं त्याचीच यादी धरायची.

पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या फॉर्मना एकच ओळ लावली, यादीत नाव असलेल्या कीज ठेवून बाकीच्या गाळणारी:

अ‍ॅरे_इंटरसेक्ट_की(डेटा, अ‍ॅरे_फ्लिप(यादी))

फ्लिप (की आणि व्हॅल्यूची अदलाबदल) कशाला? यादीत नावं व्हॅल्यू म्हणून असतात आणि हे फंक्शन बघतं फक्त कीज. नव्या पोराला हे दरवेळी समजावून सांगावं लागतं, तेवढा एक वैताग.

बाकी तक्रारी खऱ्याखुऱ्या. क्रम डेटाचा राहतो, यादीचा नाही. सीएसव्ही काढताना रकाने इकडचे तिकडं होतात, तिथं यादीवरच फॉरईच लूप फिरवलेला बरा. फोन आलाच नाही तर ही ओळ गप्प, तपासणी वेगळीच लिहायची. आणि चाळणी फक्त वरच्या थराला: 'पत्ता' हा स्वतःच अ‍ॅरे असेल तर त्यातला कचरा जसाच्या तसा आत.

अ‍ॅरे_फिल्टरनंही हेच करता येतं. कीज बघायचा फ्लॅग पीएचपी ५.६ पासून आहे आणि ७.४ च्या अ‍ॅरो फंक्शनमुळं लिहायलाही सुटसुटीत. पण फ्लॅग विसरला की कॉलबॅकला (आपण दिलेल्या तपासणीच्या फंक्शनला) कीऐवजी व्हॅल्यू मिळते, आणि एररही येत नाही. शिवाय आत इन_अ‍ॅरे वापरलं तर तिसरा 'ट्रू' (काटेकोर तुलनेसाठी) पाहिजेच. पीएचपी ७ मध्ये शून्य आणि 'नाव' ही सैल तुलनेत सारखीच ठरतात, म्हणजे शून्य नंबरची की यादीत नसतानाही आत! ८ मध्ये ते सुधारलं, पण या दुकानाच्या होस्टिंगवर अजून ७ च आहे, भावा.

'माप_'नं सुरू होणाऱ्या सगळ्या कीज हव्यात, असला नियम असेल तिथं मात्र फिल्टरच बरा. ठरलेल्या यादीला इंटरसेक्टच. विश्वास नसेल तर लॅराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या अ‍ॅरे हेल्परमधलं 'ओन्ली' उघडून बघा, आत हीच ओळ सापडेल.