सीमेक आणि प्रोटोबफ: लिनक्स, विंडोज आणि रास्पबेरी पायवर काही महिने वापरल्यानंतर

प्रोटोबफ म्हणजे प्रोग्राममधला डेटा साठवायची आणि पाठवायची गूगलची पद्धत. आमच्या प्रोजेक्टमधले मेसेज, म्हणजे त्या डेटाची रचना, प्रोटो फाइलमध्ये लिहिलेले असतात. त्यांच्यावरून सी प्लस प्लस कोड बनवतो प्रोटोबफचा कंपाइलर प्रोटो-सी, आणि तो तिन्ही प्लॅटफॉर्मवर कंपाइल करून घ्यायचं काम सीमेक या बिल्ड टूलकडे. इतके महिने वापरून माझं मत पक्कं झालंय: जनरेट झालेला कोड गिटमध्ये ठेवूच नये, प्रत्येक बिल्डमध्ये नव्याने बनवावा. प्रोटो-सी जी हेडर फाइल बनवतो, तिच्यात सुरुवातीलाच प्रोटोबफची आवृत्ती तपासलेली असते. मशीनवरची लायब्ररी जुळली नाही की कंपाइल तिथेच थांबतं. एकाच्या लॅपटॉपवर बनलेली फाइल सगळ्यांच्या गळ्यात मारली की हे होणारच.

बिल्ड स्क्रिप्टचा खरा कस लागतो तो ‘ॲड कस्टम कमांड’मध्ये, म्हणजे प्रोटो-सी कसा चालवायचा हे सीमेकला सांगणाऱ्या आज्ञेत. कोणत्या फाइल बनणार आणि त्या कशावर अवलंबून आहेत, हे तिथे चोख लिहावं लागतं. एका प्रोटो फाइलने दुसरी इम्पोर्ट केली असेल आणि ती दुसरी तुम्ही लिहिली नाहीत, तर तिच्यातला बदल सीमेकला कळतच नाही. यावर डेपफाइल, म्हणजे कोणती फाइल कशावर अवलंबून आहे याची प्रोटो-सीनेच लिहून दिलेली यादी, हा चांगला उपाय आहे. सीमेक स्वतः बिल्ड करत नाही, निन्जा, मेक किंवा व्हिज्युअल स्टुडिओकडून करून घेतो. त्यातल्या निन्जासाठी डेपफाइलची सोय आधीपासून होती. मेकफाइलसाठी ती सीमेक 3.20 मध्ये आली आणि व्हिज्युअल स्टुडिओसाठी 3.21 मध्ये. त्यामुळे त्याहून जुनं सीमेक चालवून घ्यायचा आग्रह मी तरी धरणार नाही.

सगळ्यात छळतो तो समांतर बिल्ड, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं चालवणारा बिल्ड. एकाच जनरेट झालेल्या फाइलचं नाव दोन स्वतंत्र टार्गेटमध्ये (म्हणजे बिल्डमधून बनणाऱ्या प्रोग्राम किंवा लायब्ररींमध्ये) असेल, तर ‘मेक’ ती कमांड एकाच वेळी दोनदा चालवू शकतो. एकाचं लिहून होत नाही तोच दुसऱ्याचा कंपाइलर तीच हेडर वाचायला घेतो, आणि भलत्याच ओळीवर, कंस बंद न झाल्याची एरर येते. पुन्हा बिल्ड करा, सगळं सुरळीत! अशी एरर शोधण्यात अख्खा दिवस जातो. सगळ्या जनरेट झालेल्या फाइलींची एकच स्टॅटिक लायब्ररी करून बाकीची टार्गेट तिला लिंक केली की हा त्रास संपतो.

रास्पबेरी पायसाठी लॅपटॉपवर क्रॉस कंपाइल करताना, म्हणजे पायवर चालणारा कोड लॅपटॉपवर बनवताना, प्रोटो-सी मात्र लॅपटॉपचाच हवा. एआरएमसाठी, म्हणजे पायच्या प्रोसेसरसाठी, बनलेला प्रोटो-सी इंटेलच्या मशीनवर चालत नाही. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. म्हणून आम्ही होस्टच्या, म्हणजे लॅपटॉपच्या, प्रोटो-सीचा पाथ वेगळ्या व्हेरिएबलमधून देतो आणि त्याची आवृत्ती पायवरच्या लायब्ररीशी जुळते का, हे कॉन्फिगर करतानाच तपासतो.

विंडोजवर रनटाइमकडे, म्हणजे सी प्लस प्लसच्या मूळ लायब्ररीकडे, लक्ष द्या. ‘एमटी’ने ती प्रोग्राममध्येच भरली जाते, ‘एमडी’ने ती वेगळ्या डीएलएलमधून येते. प्रोटोबफ ‘एमटी’ने आणि तुमचा कोड ‘एमडी’ने बिल्ड झाला, तर लिंकर एलएनके2038 (रनटाइम जुळत नसल्याची एरर) देऊन मोकळा होतो.

मी तरी हीच जोडी पुढे वापरणार. एकदाच वापरायचं, एकाच प्लॅटफॉर्मवरचं छोटं टूल असेल तर साधी मेकफाइल पुरेल. दुसरा प्लॅटफॉर्म येणार असं दिसलं, तर मात्र पहिल्या दिवसापासून सीमेक घ्या.