घरी दात पांढरे करायचे, तर पैसे ट्रेला द्या

घरी नेऊन वापरायच्या व्हाइटनिंगचे प्रकार साधारण चार. डेंटिस्टनं दातांच्या मापाचा ट्रे (दातांवर चढवायचं पातळ प्लास्टिकचं कवच) करून सोबत दिलेलं जेल, पेरॉक्साइडच्या पट्ट्या, निळ्या लाइटचं ऑनलाइन किट, आणि कोळशाची पावडर किंवा पेस्ट. यात पैसे वसूल होतात ते पहिल्याच प्रकारात. तिथंही बहुतेक जण आधी विचारतात, "किती टक्क्यांचं आहे?" हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न ट्रेचा.

टक्क्यांचा हिशेब आधी उरकू. जेलमध्ये कार्बामाइड पेरॉक्साइड असतं. तोंडातला ओलावा लागला की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि डाग तेच काढतं. १० टक्के कार्बामाइड म्हणजे सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणून एका डब्यावर ६ आणि दुसऱ्यावर १६ लिहिलेलं दिसलं तर आकडा कशाचा आहे ते वाचा. दोन्हींची ताकद जवळपास सारखी असू शकते. रात्री ट्रे घालून झोपायची ही पद्धत हेवुड आणि हेमन या अमेरिकन डेंटिस्टांनी १९८९ साली छापली, ती १० टक्क्यांवर, आणि आजही सगळ्यात जास्त तपासलेली ताकद हीच. ओपलेसन्स पीएफ या ब्रँडचं जेल चार ताकदींत येतं: १० टक्के ८ ते १० तास, १५ टक्के ४ ते ६ तास, २० टक्के २ ते ४ तास, ३५ टक्के अर्धा तास. ताकद वाढली की वेळ वाचतो, कळ वाढते, शेवटचा रंग मात्र फारसा वेगळा येत नाही. ट्रे घालून झोपच लागत नसेल त्यांनी २० टक्के घेऊन संध्याकाळचे दोन तास द्यावेत. बाकीच्यांना आमचा सल्ला १० किंवा १५.

रात्रभर ठेवण्यामागं कारण आहे. १० टक्क्यांच्या जेलमध्ये दोन तासांनंतरही निम्म्याहून जास्त औषध जिवंत असतं, दहा तासांनी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. पण हे खरं ठरतं ट्रे नीट बसला तरच. लाळ आत शिरली की जेल पातळ होतं आणि गिळलं जातं.

म्हणून कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क, कुठल्याही क्लिनिकमध्ये गेलात तरी चौकशी ट्रेची करा. माप अल्जिनेटनं (दातांचा ठसा घ्यायच्या लगद्यानं) घेणार असतील तर त्यात प्लास्टर तिथंच, लगेच ओतणार का हे विचारा. अल्जिनेट उघडं राहिलं की सुकून आक्रसतं, आणि तशा मापावरचा ट्रे नीट बसत नाही. स्कॅनरनं माप घेत असतील तर हा प्रश्नच नाही. ट्रेची शीट मऊ हवी, साधारण १ मिलिमीटरची. रात्री दात खाणाऱ्यांना देतात ती जाड, कडक शीट इथं चालत नाही. जेलसाठी दाताच्या पुढच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची पोकळी ठेवतात; ती नसली तरी काम होतं, त्यावर जास्त पैसे मागितले तर द्यायची गरज नाही.

ट्रे हातात आला की तिथंच, खुर्चीवर बसूनच तपासा. उजेडात धरा: कडा हिरडीच्या कमानीला धरून कापलेली दिसली पाहिजे, सरळ पट्टी मारल्यासारखी हिरडीवर चढलेली नको. कडेवरून जीभ फिरवा, टोचलं तर लगेच घासून घ्या. दाढांवर बोटानं दाबल्यावर टक् करून बसला पाहिजे आणि जिभेनं ढकलून निघता कामा नये. दहा मिनिटं घालून आरशात बघा. कडेखाली हिरडी पांढुरकी दिसत असेल तर तिथं ट्रे दाबतोय. ही दहा मिनिटं चुकवली की पुढचे पंधरा दिवस हिरडी भाजते आणि दोष जेलला जातो.

आता बाकीचे तीन. पट्ट्या वाईट नाहीत, पेरॉक्साइड त्यातही असतं. पण त्या सुळ्यापासून सुळ्यापर्यंतच पोचतात आणि वाकड्या दातांच्या खाचेत चिकटत नाहीत, त्यामुळं हसल्यावर मागचे दात पिवळेच दिसतात. एप्रिल-मे मध्ये कुरिअरनं मागवू नका, उन्हानं पेरॉक्साइड उतरतं. लाइटच्या किटमधला निळा दिवा काही करत नाही, काम झालं तर ते जेलचं. सोबतचा गरम पाण्यात मऊ करून चावायचा ट्रे ढोबळ असतो, जेल हिरडीवरच सांडतं. बॉक्सवर कार्बामाइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचा आकडाच नसेल तर तो परत ठेवा. कोळसा वरवरचा डाग घासून काढतो, सोबत इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवचही घासतो. इनॅमल पातळ झालं की आतलं पिवळं डेंटिन जास्त दिसायला लागतं. लिंबू-सोड्याचं तर नावच नको.

सुरू करण्याआधी दात साफ करून घ्या, म्हणजे स्केलिंग. आपल्याकडं मिश्री, मावा, तंबाखूचे डाग दगडासारखे बसलेले असतात. त्यावर जेल लावणं म्हणजे औषध वाया. मिश्री चालू ठेवून व्हाइटनिंग करू नका, आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर आधी तो दाखवा. किडलेला दात भरून घ्या. एकच दात काळसर असेल तर एक्स-रे हवाच. मार लागून आतली नस मेलेली असू शकते आणि तो दात बाकीच्यांसारखा ट्रेनं सुधारेल असं धरू नका. कॅप, दातात भरलेलं जुनं सिमेंट, उघडी पडलेली मुळं यांचा रंग बदलत नाही. समोर कॅप असेल तर आजूबाजूचे दात पांढरे झाल्यावर ती डोळ्यात भरते, तेव्हा ती बदलायचा खर्च आधीच धरा. अठराच्या आतली मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. वयानं आलेला पिवळेपणा छान जातो, करडी झाक चिवट असते. टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकचे पट्टे असतील तर महिने लागतात. जास्त फ्लोराइडच्या पाण्याचे पांढरे ठिपके सुरुवातीला उलट जास्तच उठून दिसतात. घाबरून बंद करू नका.

शेड गाइडवरची (दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी) आपली शेड, ए-३ असो की बी-२, कागदावर लिहून घ्या आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फोटो काढा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

रात्रीचं काम पाच मिनिटांचं. ब्रश करा, दातांमधून दोरा फिरवा. ट्रेमध्ये पुढच्या भिंतीला, दाताच्या टोकापासून ४-५ मिलिमीटर आत, जेलची एक सलग बारीक रेघ ओढा, दाढेपासून दाढेपर्यंत. १.२ मिलिलीटरच्या सिरिंजचा तिसरा हिस्सा एका जबड्याला पुरतो. ट्रे बसवून बाहेर आलेलं जेल कोरड्या ब्रशनं पुसा, हलकी चूळ भरा, गिळू नका. पुसताना बरंच निघत असेल तर उद्या कमी घाला. सकाळी ट्रे गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यात टाकला तर कायमचा वाकडा होतो. आठ सिरिंजमध्ये २४ वेळा होतं, म्हणजे दोन्ही जबड्यांना बारा-बारा रात्री. आधी वरचा जबडा पूर्ण करा. खालचे दात तुलनेला राहतात, आणि कळ आली तर निम्मीच येते.

कळ बऱ्याच जणांना येते. पेरॉक्साइड इनॅमलमधून काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतं, म्हणून गार वाऱ्यालाही झिणझिण्या येतात. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन आठवडे आधीपासून वापरा. पहिल्या दोन रात्री तासा-दोन तासांतच ट्रे काढा. तरी कळ आली तर एक दिवसाआड करा, आणि मधल्या रात्री तीच पेस्ट ट्रेमध्ये घालून वीस मिनिटं ठेवा. औषध बंद केल्यावर काही दिवसांत कळ जाते. रात्री उठवणारी, एकाच दातातली, धडधडणारी कळ असेल तर ती व्हाइटनिंगची नव्हे, डेंटिस्टला दाखवा. हिरडी पांढरी पडली तर एक-दोन दिवसांत भरून येते, पण तेवढे दिवस जेल थांबवा.

खाण्याबद्दल फार कडक नियम नकोत. ट्रे काढल्यावर पहिले दोन तास मिसळीचा कट, चहा आणि तांबडा रस्सा टाळा, पांढरा रस्सा चालेल. हळद आणि चटणीचं जेवण झालं की खळखळून चूळ भरा.

पैशांचा आकडा स्केलिंग, ट्रे आणि सिरिंज असा वेगवेगळा मागा. एकगठ्ठा पॅकेजमध्ये ट्रे कसला देणार ते कळत नाही. लग्नाची तारीख धरून करायचं असेल तर सहा आठवडे आधी सुरू करा. बंद केल्यावर रंग थोडा खाली येतो आणि दोन आठवड्यांनी ठरतो. समोरचं सिमेंट किंवा कॅप त्यानंतरच बसवा, कारण ताज्या व्हाइटनिंगवर सिमेंट नीट धरत नाही.

उरलेल्या सिरिंज फ्रिजमध्ये ठेवा, ट्रे हवा लागणाऱ्या डबीत, उंचावर. घरात कुत्रं असेल तर ते ट्रे चावून टाकतं. वर्षभरानं पुन्हा पिवळेपणा दिसला तर नवं पॅकेज नको, एक सिरिंज आणून दोन-तीन रात्री जुना ट्रेच घाला.