बेसिक ऑथ की बेअरर टोकन?

रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याचं पेमेंट पेज करत होतो, रात्रभर ४०१ (ओळख पटली नाही, हा एरर) च येत होता भो. बेसिक ऑथ, म्हणजे पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेला) आपली ओळख पटवायची एक पद्धत, तसं सोपं: की-आयडी (key id) आन् सिक्रेटच्या मधी कोलन टाकून बेस६४ (मजकूर साध्या अक्षरं-आकड्यांत बदलायची रीत) करायचं, पण मी टर्मिनलवर साध्या एकोने (echo, मजकूर छापायची कमांड) केलं आन् शेवटी नवी ओळ चिकटली, म्हणजे सिक्रेटच चुकलं! एकोला मायनस एन (-n, म्हणजे नवी ओळ नको) लावलं तसं २०० (म्हणजे ओके) आलं.

दुसरी पद्धत बेअरर टोकन, म्हणजे दर वेळी दाखवायचा पास. त्यात ही भानगड नाही, पण ते बहुतेक वेळा एक्स्पायर होतं, मग सकाळी चाललेला कोड दुपारी ४०१ देतो, म्हणून मुदत संपायच्या आधी नवीन घ्यायचं. चोरीला गेलं तरी लवकर मरतं, हे चांगलं. गेटवे दोन्ही देत असेल तर छोट्या दुकानाला मी बेसिकच लावतो, फक्त सिक्रेट गिटमधी (कोडच्या आवृत्त्या ठेवतो तिथं) टाकू नका रे.