जुनी आरएक्स घेताय? आधी चासी नंबर घासून बघा

सोलापुरात यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटारसायकल घ्यायला गेलो आणि ९५ हजारांना फसलो. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडची पोरंही असल्याच गाड्यांच्या मागे आहेत, म्हणून जे झालं ते सगळं सांगतो.

आमच्या अप्पांकडे १९९२ सालची काळी आरएक्स होती. माग बंद पडले तेव्हा ती विकावी लागली. गड्ड्याच्या यात्रेला तिच्या टाकीवर बसून मी होम मैदानावर गेलोय. अप्पांच्या साठीला तसलीच गाडी दारात उभी करायची, असं मनात धरून बसलो होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण विकणाऱ्याला ते पहिल्या दहा मिनिटांतच कळलं. गाडी वडिलांसाठी आहे हे माझ्या तोंडून गेलं आणि भाव करायची सोयच राहिली नाही.

कंपनीने ही गाडी १९९६ मध्ये बंद केली. चांगल्या गाड्या थोड्या, घेणारे भरपूर. त्यामुळे भंगारात गेलेल्या गाडीच्या कागदालासुद्धा किंमत आहे. ते कसं, हे मला नंतर कळलं.

शहराबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. काळी टाकी, नवं क्रोम, नवी सीट. "अण्णा, आवाज ऐका ओ. बोअर-पिस्टन आत्ताच केलंय, वायरिंग सगळं नवीन," असं म्हणत त्याने अर्ध्या किकमध्ये गाडी सुरू केली. तो आवाज कानात गेला आणि माझं भान सुटलं. सायलेन्सरला पाय लागला तेव्हा तो आधीच गरम होता, म्हणजे मी यायच्या आधी गाडी चालवून ठेवली होती. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. गाडी पूर्ण थंड असताना पहिली किक आपण मारायची असते.

चासी नंबर, म्हणजे फ्रेमवर ठोकलेला गाडीचा नंबर, बघितला. हँडलखाली फ्रेमच्या मानेवर तो असतो. आकडे भरल्यासारखे दिसत होते. तो म्हणाला, "पावडर कोटिंग जाड बसलंय, त्याने नंबर दबलाय." मला पटलं. एम-परिवहन या सरकारी अॅपवर गाडीचा नंबर टाकला तर सगळं स्वच्छ: १९९४ची नोंदणी, मुदत वाढवलेली, कर्ज नाही. पण अॅपवर दिसतं ते त्या नंबरच्या नोंदीचं. समोर उभी असलेली फ्रेम त्याच नोंदीची आहे का, हे अॅपला कळायचा मार्गच नाही.

२० हजार फोनवरून पाठवले. उरलेले ७५ हजार "रोख द्या, लगेच किल्ली घ्या" म्हणाला, म्हणून रोख दिले. पावती नाही, कसला लिहून घेतलेला कागद नाही. मूळ मालकाच्या सह्या केलेले फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी नावावर करायचे फॉर्म, त्याने दाखवले, पण "फाइल एजंटाकडे टाकतो" म्हणून स्वतःकडेच ठेवले. मालकाला मी कधी भेटलो नाही, फोनही केला नाही. आज सगळ्यात जास्त याचाच त्रास होतो. एक फोन केला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं.

तीन आठवडे झाले, ट्रान्सफरचा पत्ता नाही. अशात अक्कलकोटला निघालो आणि वळसंगच्या अलीकडे इंजिन जाम झालं. टेम्पोत घालून आमच्या पेठेतल्या मेकॅनिक चाचांकडे आणलं. त्यांनी ब्लॉक उघडला. पिस्टन शेवटच्या साइजचा, म्हणजे यापुढे बोअर करायला जागाच नाही. इंजिनात ऑइल सोडणारा पंप काढून टाकलेला, आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. टाकीला त्यांनी लोहचुंबक लावलं. उजव्या बाजूला ते टिकेना, गळून पडलं. आत बोटभर जाड लांबी (पुट्टी) भरलेली.

मग चाचांनी मानेवरचं कोटिंग पॉलिश पेपरने हळूहळू घासलं. कंपनीचे आकडे एका ओळीत आणि सारख्या खोलीचे असतात. इथे ८ वर चढलेला, ३ तिरका, आणि आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे. चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बेटा, हे हाताने पंच केलंय. ही गाडी चालवू नको, सरळ आरटीओला दाखव." आरटीओत साहेबांनीही तेच सांगितलं, ट्रान्सफर होणार नाही म्हणाले.

आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावरच्या पत्त्यावर गेलो. मूळ मालक वारले होते. मुलगा म्हणाला, "ती गाडी आम्ही भंगारात दिली की, कागदासकट." म्हणजे त्या भंगारातल्या गाडीचा नंबर दुसऱ्याच फ्रेमवर मारून ती मला विकली. मग फॉर्मवरच्या सह्या कुणी केल्या, हे वेगळं सांगायला नको.

माझी तुम्हाला विनंती आहे: पैसे देण्याआधी चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि तो ठसा आरसीशी ताडून बघा. नंबरवर जाड रंग किंवा कोटिंग असेल आणि मालक ते काढू देत नसेल, तर गाडी सोडून द्या. आरसीवरचा मालक समोर आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नका. कायद्याने घेणाऱ्याला नावावर करायला ३० दिवस मिळतात. तेवढे दिवस विकणाऱ्याच्या भरवशावर न घालवता त्याच्यासोबत स्वतः आरटीओत जा, आणि मोठी रक्कम तोवर हातात ठेवा. पैसे बँकेतूनच द्या. पोलिसांना दाखवायला माझ्याकडे २० हजारांचाच पुरावा आहे. ७५ हजारांचं कोण काय मानणार?

तक्रार दिली आहे. शेडला कुलूप आहे, विकणाऱ्याचा फोन बंद. गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जमा आहे. अप्पा एकदा बघायला आले, सीटवरची धूळ हाताने पुसली आणि काही न बोलता परत निघाले. घासलेल्या जागी जुन्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पुसट दिसतात. आम्ल लावून पूर्ण नंबर वर आणता येतो म्हणे, त्यासाठी फ्रेम प्रयोगशाळेत पाठवणार आहेत. ती कुणाची तरी चोरीला गेलेली गाडी असू शकते. ज्यांची आरएक्स गेली आहे त्यांनी आपल्या तक्रारीची प्रत आणि जुनी आरसी शोधून जवळ ठेवा, नंबर निघाला की लागेल.