राउटर टेबल आणि फेन्स: आठ महिने वापरल्यावर

राउटर म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने, म्हणजे बिटने, लाकडाला खाचा आणि गोलाई पाडणारं यंत्र. राउटर टेबलात ते टेबलाखाली उलटं टांगतात आणि फळी वरून ढकलतात. असं टेबल घेताना मी भाळले ते फेन्सवर, म्हणजे फळी जिला टेकवून सरकवायची त्या पट्टीवर. दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या खुणा, बारीक सरकवायची फिरकी, चकचकीत अ‍ॅल्युमिनियम. आज आठ महिन्यांनंतर त्या खुणांकडे शेवटचं कधी पाहिलं तेही आठवत नाही. आणि घेताना ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं त्या गोष्टींशी रोज गाठ पडते: वरची फळी सपाट आहे का, बिट बदलताना पाना कुठून घालायचा, बंद करायचं बटण हाताला लागतं का.

पहिले तीन महिने तयार टेबल वापरलं, पुढचे पाच महिने स्वतः केलेलं. राउटर दोन्हींखाली एकच, अर्ध्या इंची कॉलेटचा (बिट पकडणाऱ्या तोंडाचा), प्लंज प्रकारचा (मोटर स्प्रिंगवर वर-खाली सरकते असा), सहा किलोच्या आसपास वजनाचा. कामही सारखंच: ड्रॉवर, खोके, कपाटाची दारं, कडांना गोलाई. त्यामुळे तुलना करायला हरकत नाही.

तयार टेबलाचा पहिला महिना मजेत गेला, कारण फक्त कडांना गोलाई मारत होते. बेअरिंगवालं बिट (फळीच्याच कडेवरून फिरणारं छोटं चाक असलेलं) असलं की टेबलाचे दोष झाकले जातात. खरी परीक्षा झाली ती ड्रॉवर करायला घेतल्यावर. तळाच्या प्लायवूडसाठी फळ्यांना ६ मिलिमीटर खोल खाच पाडायची होती. बिट एकाच उंचीवर ठेवून सगळ्या फळ्या एकापाठोपाठ काढल्या. जोडायला बसले तर आखूड फळ्यांच्या खाचेत प्लायवूड नीट जातंय आणि लांब फळ्यांत अडतंय. कोपरे मिलिमीटरभर उघडे. आधी स्वतःच्या हाताला दोष दिला, मग बिटला, मग फेन्सला. फेन्स तीनदा खोलून बसवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

शेवटी एका संध्याकाळी स्टीलची पट्टी टेबलावर कडेवर उभी धरली आणि मागून टॉर्च मारला. मधोमध पट्टीखालून उजेडाची रेघ. फीलर गेजची (फटी मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाची) ०.६ मिलिमीटरची पाती अलगद आत गेली. पत्र्याचं टेबल राउटरच्या वजनाने खाली बसलं होतं, आणि मी काम नसतानाही राउटर तसाच लटकत ठेवायची.

याचा परिणाम कसा होतो ते नीट समजायला मला कागदावर चित्र काढावं लागलं. टेबल मधे खोलगट असेल तर लांब फळी त्यावरून पुलासारखी जाते. तिची दोन टोकं टेकलेली, पण बिटच्या जागी ती अधांतरी, म्हणून खाच उथळ पडते. आखूड तुकडा मात्र त्या खोलगटात उतरतो आणि खाच जवळपास हवी तेवढी पडते. म्हणजे बिटची उंची एकच, पण खाचा दोन वेगळ्या खोलीच्या. याउलट टेबल मधे केसभर उंच असेल तर फारसं बिघडत नाही. फळी बिटच्या जागी तरी टेकलेलीच असते आणि दाब आपण तिथेच देतो. त्यामुळे टेबल निवडताना माझी पहिली अट आता एकच आहे. पट्टी न्या, आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून बघा. खालून उजेड दिसला तर फेन्स कितीही सुंदर असो, ते टेबल नको.

स्वतःचं टेबल करताना १८ मिलिमीटरचे एमडीएफचे (दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीचे) दोन थर चिकटवले आणि वर-खाली, दोन्हीकडे लॅमिनेट लावलं. फक्त वरच्या बाजूला लावलं तर खालची बाजू हवेतला दमटपणा शोषते, वरची शोषत नाही, आणि फळी वाकते. खाली लाकडाच्या आडव्या पट्ट्यांची चौकट आहे. मधे अ‍ॅल्युमिनियमची प्लेट, तिच्या कोपऱ्यांखाली उंची जुळवायचे स्क्रू. ही प्लेट टेबलाच्या पातळीत बसवण्यात अख्खी दुपार गेली आणि ती सत्कारणी लागली असं मी म्हणेन. प्लेट नखाला जाणवेल एवढी जरी खाली राहिली, तरी डावीकडे जाताना फळीचं टोक टेबलाच्या कडेला अडतं, हात थबकतो, आणि तेवढ्यात बिट लाकडावर काळा डाग पाडतं. पाच महिन्यांनी परत पट्टी लावून पाहिली. ०.१ ची पाती जात नाही. अर्थात आता काम संपलं की राउटर प्लेटसकट उचलून खाली ठेवते.

आता फेन्स. टेबल सॉ (टेबलातून वर आलेली गोल करवत) वापरणाऱ्यांची सवय अशी की फेन्स पात्याला अगदी समांतर हवी. राउटरच्या बाबतीत ही अट लागूच होत नाही. बिट गोल आहे, त्याला दिशा नाही. बिटपासून फेन्सपर्यंतचं अंतर तेवढं महत्त्वाचं, फेन्स टेबलावर तिरकी असली तरी चालते. हे एकदा डोक्यात शिरलं की महागड्या फेन्समधल्या निम्म्या सोयींची गरजच उरत नाही.

माझी रोजची फेन्स म्हणजे एक सरळ, जाड पट्टी आहे. तिचं एक टोक बोल्टवर फिरतं, दुसरं टोक क्लॅम्पने आवळते. बिट दोन्हींच्या बरोबर मधे येतं, म्हणून मोकळं टोक १ मिलिमीटर सरकवलं की बिटपाशी अंतर अर्ध्या मिलिमीटरने बदलतं. बारीक फिरकी फुकटात! खाच किंचित सैल हवी असेल तर क्लॅम्प सोडायच्या आधी मोकळ्या टोकाच्या मागे एक ठोकळा आवळून ठेवते, मधे कागदाचे दोन-तीन तुकडे घालून. मग एकेक कागद काढत फेन्स मागे टेकवायची. साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे बिटपाशी त्याच्या निम्मं. खुणांची पट्टी बघून एवढं नेमकं मला कधीच जमलं नव्हतं.

फेन्स 'मागे' टेकवायची असं लिहिलं, ते मुद्दाम. इथे मी एकदा चांगलाच धडा घेतला. टेबलाखाली राउटर उलटा असतो, त्यामुळे वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. फेन्स पलीकडे, आपण अलीकडे, आणि फळी उजवीकडून डावीकडे ढकलायची. म्हणजे आपल्या बाजूला बिटची धार फळीच्या समोरून येते आणि लाकूड ताब्यात राहतं. पण फेन्सच्या बाजूला तीच धार फळीच्याच दिशेने धावत असते. पहिली खाच पाडताना याचा त्रास होत नाही. खाच रुंद करायला गेलं की होतो. मी फेन्स स्वतःकडे ओढली, त्यामुळे बिट फक्त खाचेच्या पलीकडच्या भिंतीला लागलं आणि फळी हातातून सुटून डावीकडे भिंतीवर जाऊन आदळली. बोटं पुश ब्लॉकवर (फळी ढकलायच्या मुठीच्या ठोकळ्यावर) होती म्हणून वाचली. खाच रुंद करायची तर फेन्स आपल्यापासून दूर न्यायची, म्हणजे बिट आपल्या बाजूची भिंत कापतं. तेव्हापासून फेन्सवर पेन्सिलीने एक बाण काढून ठेवलाय. आणि बारीक पट्टी बिट आणि फेन्स यांच्यामधल्या फटीतून तर कधीच ढकलू नका. ती बाणासारखी सुटते.

दुसरी फेन्स दोन भागांची आहे. मोठ्या बिटसाठी भाग दोन्हीकडे सरकवून मधली फट हवी तेवढी ठेवता येते. ती फट जितकी लहान तितकं फळीचं टोक आत घुसायची भीती कमी. ही फेन्स करताना दोन गोष्टी पाहिल्या. एक, दोन्ही भाग एका रेषेत आहेत का. दुसरी, टेबलाशी गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहेत का, तेही तीन ठिकाणी, कारण तयार फेन्सचं अ‍ॅल्युमिनियम लांबीत किंचित पीळ खाल्लेलं निघालं होतं. डावीकडे गुण्या तंतोतंत, उजवीकडे वर कागद जाईल एवढी फट. आडव्या फळीला ते कळत नाही. दाराची पट्टी उभी धरून कापताना कळतं. शिवाय फेन्सच्या खालच्या कडेला, फळी टेकते त्या बाजूने, ३ मिलिमीटरचा उतार मारून घ्या. नाहीतर त्या कोपऱ्यात भुसा साठतो, फळी फेन्सला टेकत नाही, आणि आपण उगाच मापं तपासत बसतो.

डाव्या भागामागे लॅमिनेटचा तुकडा घालून तो मिलिमीटरभर पुढे आणला आणि सरळ बिटची धार त्याच्या पातळीत आणली की टेबल रंध्याचं काम करतं. प्लायवूडच्या कडा सरळ करायला हे मला फार आवडलं, कारण प्लायवूडमधल्या गोंदाने हातरंध्याची धार लवकर जाते.

उंचीबद्दल थोडं. प्लंज राउटर उलटा टांगला की त्याची स्प्रिंग आणि त्याचं वजन दोन्ही मिळून त्याला खाली ढकलतात. पहिले तीन महिने मी टेबलाखाली वाकून, एका हाताने राउटर वर रेटत दुसऱ्या हाताने खटका लावायची. मापापेक्षा कंबर जास्त हलायची. आता स्प्रिंग काढून ठेवली आहे आणि खालून १० मिलिमीटरचा आट्यांचा दांडा लावलाय. त्याच्या एका फेऱ्यात राउटर दीड मिलिमीटर वर येतो, म्हणजे सहावा हिस्सा फिरवला की पाव मिलिमीटर. तयार लिफ्ट (राउटर वर-खाली करायची यंत्रणा) मिळते आणि तिची चावी वरून फिरवता येते. हात मोकळा असेल तर फेन्सवर खर्च करू नका, लिफ्टवर करा. कॉलेट प्लेटच्या वर येतं का हेही बघा. माझ्या तयार टेबलात येत नव्हतं, दर वेळी राउटर काढून बिट बदलावं लागायचं. बिट कॉलेटमध्ये तळाला टेकेपर्यंत घालू नका, दोन-तीन मिलिमीटर वर ओढून आवळा. नाहीतर आवळताना ते नीट पकडलं जात नाही.

वेगाचा हिशेब एकदा करून पाहिला आणि अंगावर काटा आला. १२ मिलिमीटरचं बिट मिनिटाला २२,००० फेऱ्यांवर फिरलं तर त्याची धार ताशी सुमारे ५० किलोमीटरने धावते. तोच वेग ठेवून ७५ मिलिमीटरचं पॅनेलचं बिट लावलं तर धार ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाते. एवढ्या मोठ्या बिटला वेग १०,००० ते १२,००० वर आणायलाच हवा. ज्या राउटरचा वेग कमी करता येत नाही, त्याच्यावर असं बिट लावायचा विचारही नको. आणि जे काढायचं ते एका दमात काढू नका, तीन-चार वेळा फळी ढकलून थोडं थोडं काढा.

बटणाबद्दल मी सगळ्यात हट्टी आहे. राउटरचं स्वतःचं बटण टेबलाखाली, भुशाच्या अंधारात. फळी अडकली की एक हात फळीवर ठेवून दुसऱ्याने खाली चाचपडायचं, हे मी दोनदा केलं. आता टेबलाच्या पुढच्या पायावर, गुडघ्याने दाबता येईल असं लाल बटण आहे. वीज जाऊन परत आली तरी ते आपोआप चालू होत नाही.

भुसा: फेन्सच्या मागच्या तोंडातून कडांचा भुसा चांगला ओढला जातो, खाचेचा नाही. तो खाली पडतो. राउटरभोवती प्लायवूडची पेटी केली, तिला व्हॅक्यूमची नळी लावली, तर राउटर तापायला लागला. हवा आत यायला जागाच नव्हती. पेटीच्या दाराला मोठी भोकं पाडल्यावर सुरळीत झालं. आवाज मात्र पेटीनेही फारसा कमी होत नाही. कानाला बोंडं लावल्याशिवाय चालू करत नाही.

माझ्या टेबलात तक्रारी नाहीत असं नाही. जड आहे, एकटीला हलवता येत नाही. पुढच्या कडेचं लॅमिनेट दोन ठिकाणी टवका उडून गेलंय. ज्यांना महिन्यातून एकदा कडेला गोलाई मारायची आहे, त्यांनी एवढा उपद्व्याप करू नये. प्लायवूडच्या फळीला भोक पाडून राउटर उलटा लावा, एक सरळ पट्टी क्लॅम्प करा, पुष्कळ झालं. पुढे गरज वाढली तर पैसे आणि वेळ या क्रमाने घाला: सपाट फळी, हाताशी बटण, उंची बदलायची सोय, आणि मग फेन्स.

एक चूक अजून टेबलावर आहे. मायटर गेज (फळी ठराविक कोनात धरून ढकलायचं साधन) सरकवायला मी हौसेने लांब खोबण पाडली होती. ती वापरायची तर फेन्स खोबणीला समांतर हवी, आणि माझी फेन्स तर फिरती. आता आडवी टोकं कापताना प्लायवूडचा एक काटकोनी ठोकळा फेन्सला लावून फळीमागून ढकलते. फळी सरळ जाते आणि मागे आधार असल्याने टोकाचे रेषेही फाटत नाहीत. खोबणीत लाकडाची पट्टी बसवून ती बंद केली आहे. पावसाळ्यात ती पट्टी फुगून किंचित वर आली, तेव्हा रंधा मारून परत पातळीत आणली.