घरी मावशी ठेवायची तर: ब्युरो, कंपनी की ॲप?

पुण्या-मुंबईत आजारी माणसासाठी घरी माणूस मिळवायच्या तीन वाटा आहेत. ओळखीतला ब्युरो, नर्सेस पुरवणारी कंपनी किंवा ॲप. तिन्हींकडून येणारी मावशी, म्हणजे रुग्णाची देखभाल करणारी बाई, बहुधा सारखीच असते. फरक असतो तो खाडा झाल्यावर फोन कोण उचलतो यात. ब्युरो स्वस्त पडतो, पण सगळा कारभार तोंडी. कंपनीकडे करारपत्र असतं आणि सुपरवायझर असतो, तो निदान सुरुवातीला तरी फिरकतो. ॲपवर बुकिंग झटपट होतं, पण चेहरे बदलत राहतात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला हे फार जाचतं: दर आठवड्याला नवी बाई आंघोळ घालायला आली की तो हात झटकणारच.

तिन्ही ठिकाणी सर्रास विकली जाणारी आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे 'चोवीस तासांची ड्युटी'. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. दिवसभर राबलेली एकच बाई रात्री दोनला आणि चारला उठेल, हे गृहीत धरणंच चूक. माकडहाडावरची कातडी लाल होते, दाबल्यावरही लाली जात नाही, तिथून बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू. अशा रुग्णाला बारा-बारा तासांच्या दोन ड्युट्याच घ्याव्यात. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं टळत नाही. पंप रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचा असतो, पण बऱ्याच घरांत तो शेवटच्या आकड्यावर असतो आणि गादीवर वर जाड गोधडी. मग तिचा फायदा बराचसा वाया जातो. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी लागते, ती वेगळीच.

दुसरी गल्लत नाकातून पोटात अन्न देण्याच्या नळीची. 'मावशींना सगळं येतं' असं ब्युरो सांगतो, म्हणून प्रत्यक्ष करून दाखवायला लावावं. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश वर. नळीवरची खूण नाकपुडीशी जागेवर आहे ना, ते पाहायचं. मग सिरिंजचा दट्ट्या काढून ती उभी धरायची आणि पातळ अन्न आपल्या वजनानं उतरू द्यायचं. शेवटी साधारण 30 मिली पाणी, आणि नंतर निदान अर्धा तास रुग्णाला आडवं करायचं नाही. घाईत दट्ट्या दाबून पाच मिनिटांत उरकलं किंवा लगेच झोपवलं, तर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. गोळ्यांची पूड जाडीभरडी राहिली की नळी तुंबते. नळी सरकलेली दिसली तर मावशीनं ती स्वतः आत ढकलायची नाही, सिस्टरलाच, म्हणजे शिकलेल्या नर्सलाच, बोलवायचं. आणि 'सिस्टर' म्हणून पैसे लावत असतील तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागावा. तो सांगताना चाचरले की समजून जावं.

पुढे लोकांना हवंय ते साधंच आहे. स्पंजिंग, डायपर, कपडे एवढ्यापुरती सकाळची दोन तासांची सेवा. आज बहुतेक जण बारा तासांच्या खाली बोलतच नाहीत. परदेशातल्या मुलांना कॅमेरे आणि फोटो पुरवले जातात, पण फोटोतून लघवी किती झाली ते कळत नाही. त्यापेक्षा दोनशे पानी वही बरी: वेळ, कूस (डावी, उजवी, पाठ), पोटात काय गेलं, युरीन बॅगेतून किती मिली काढलं, शौच, साखर, कातडी कुठे लाल. ड्युटी बदलताना दोघींनी मिळून वही वाचायची, सही करायची. मुलांना रोज त्या पानाचा फोटो पाठवला की झालं.

सरकारी लगाम अजून ढिलाच आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात होम केअर एजन्सींचा विचारच नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात तो होता, पण ते मंजूर झालं नाही. मावशीचा पगार मेडिक्लेममध्ये सहसा बसत नाही, हेही आधीच धरून चालावं.

तेव्हा डिपॉझिट भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. बदली बाई किती तासांत येणार, खाड्याचे पैसे कापणार का, आणि आपण दिलेल्यातले मावशीच्या हातात किती पडणार. तिसऱ्या प्रश्नाला ब्युरोवाले चिडतात. तरी विचारावा, कारण निम्मे पैसे मधेच अडकत असतील तर ती बाई गणपतीत गावाला जाते आणि परत येत नाही.